ऋषिऋण आणि गहाणखत

वाशीम आणि रिसोड यांच्या दरम्यान वसलेल्या रिठद गावी, आणि तसे पाहिले तर पश्चिम वऱ्हाडातल्या कोणत्याही कोरडवाहू गावी, मृगाचा पाऊस पडला की कुटुंबप्रमुखाच्या हातातल्या पैशावर एकाच पंधरवड्यात दोन हकदार उभे राहतात. पहिले वावर, ज्याला सोयाबीनचे बियाणे, खत आणि पेरणीची मजुरी हवी असते. दुसरे बारावी उत्तीर्ण होऊन प्रवेशपरीक्षेचा निकाल हाती घेऊन बसलेले अपत्य, ज्याला अमरावतीच्या, पुण्याच्या वा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृहाची अनामत आणि खानावळीची आगाऊ रक्कम हवी असते. वावर थांबू शकत नाही, कारण ओल उडाली की पेरणी साधत नाही. आणि प्रवेशाची फेरीही थांबत नाही, कारण मुदत टळली की जागा दुसऱ्याच्या नावे रुजू होते. अशा वेळी सोसायटीचे पीककर्ज पेरणीला पुरते न पुरते, आणि शुल्काकरिता घरातले सोने, गोठ्यातली जोडी, शेवटी सातबाऱ्यावरचा एखादा गट, या क्रमाने एकेक वस्तू घराबाहेर पडू लागते.

आकडे मांडून पाहणे येथे अप्रस्तुत होणार नाही. २०२४-२५ च्या हंगामाकरिता केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता. एकरी सहा क्विंटलांचा उतारा धरला आणि बाजाराने हा भाव खरोखरच दिला असे मानले, जे त्या वर्षी बहुतेक शेतकऱ्यांच्या वाट्याला आले नाही, तरी पाच एकरांच्या धन्याचे सोयाबीनचे ढोबळ उत्पन्न दीड लाखाच्या आतच राहते, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, सोंगणी आणि मळणी यांचा खर्च वजा जायचा असतो. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाचे एका वर्षाचे शुल्क साधारणतः लाखाच्या घरात असते, आणि राहण्याजेवण्याचा खर्च त्याच्या वर. खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव तर या हिशेबात घेण्याचेही कारण नाही. जे उत्पन्नातून भागत नाही ते मालमत्तेतून भागवावे लागते, आणि वऱ्हाडी शेतकऱ्याला मालमत्ता म्हणून एकच वस्तू ठाऊक असते. “वावर गेलं तरी चालन, पन पोरगं शिकलं पाह्यजे,” हे वाक्य या भागात इतक्या घरांतून आणि इतक्या निश्चयाने उच्चारले जाते की त्याला व्रताचे रूप आले आहे. त्या व्रतापुढे मी नतमस्तक आहे. परंतु व्रताचीही मीमांसा करावी लागते. पित्याने अपत्याच्या विद्येकरिता घर कर्जात लोटावे, हा त्याचा धर्म आहे काय? आणि असेल, तर तो कोठपर्यंत?

या प्रश्नाचा विचार करताना वऱ्हाडच्या माणसाला प्रथम आठवण व्हावी ती गाडगेबाबांची. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी जन्मलेला हा पुरुष स्वतः शाळेत गेला नाही, परंतु खराटा आणि कीर्तन या दोन साधनांनी त्याने या प्रांताच्या विवेकाची जी मशागत केली ती कोणत्याही विद्यापीठाला साधली नाही. त्यांच्या उपदेशात दोन गोष्टींवर सारखाच भर असे. एक, सावकाराचे कर्ज काढू नका, मग ते लग्नाकरिता असो, तेराव्याकरिता असो की तीर्थयात्रेकरिता असो. आणि दुसरी, पोटाला चिमटा घ्या, घरातली भांडी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला. त्या काळी या दोन आज्ञांत विरोध नव्हता. जेवणाचे ताट मोडून जेवढा पैसा येई तेवढ्यात पाटीपुस्तक येत असे, एका लग्नाच्या उधळपट्टीतून वाचलेल्या रकमेत मुलाची हायस्कुलाची वर्षे निघत, आणि पुढे जायचे तर धर्मार्थ वसतिगृहे असत. कर्ज न काढता शिकविणे शक्य होते. किंबहुना कर्जाला नकार देणे हेच शिकविण्याचे साधन होते. ज्या विद्यापीठाच्या कक्षेत वाशीम जिल्हा मोडतो, त्याला पुढे गाडगेबाबांचेच नाव दिले गेले. ते अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले, आणि त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली. त्या धोरणाने हजारो ग्रामीण मुलांना परराज्यात न जाता पदवी मिळाली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्याच धोरणाने बाबांच्या दोन आज्ञा एकमेकींच्या समोर उभ्या केल्या, हेही तितकेच खरे. आज दुसरी पाळायची तर पहिली मोडावी लागते.

पुढचा इतिहास न्यायालयांचा आहे आणि तो थोडक्यात आटोपता येतो. देणगीशुल्काला बंदी करणारा अधिनियम महाराष्ट्राने १९८७ साली केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षणाच्या विक्रीला लगाम घातला. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात शिक्षणसंस्था चालविणे हा नागरिकाचा व्यवसाय होऊ शकतो असे मान्य करून, वाजवी शिल्लक ठेवण्यास परवानगी आणि नफेखोरीस मनाई, अशी मर्यादा आखली. आणि आता शुल्क ठरविण्याकरिता राज्यात २०१५ च्या अधिनियमान्वये प्राधिकरण आहे. कायद्याने शुल्क वाजवी आहे की नाही हे तपासले ते संस्थेच्या खर्चाच्या तराजूत. रिठदच्या पाच एकरांच्या तराजूत ते तोलून पाहण्याचे काम कोणत्याही प्राधिकरणाकडे सोपविलेले नाही, आणि म्हणून ते काम धर्मविचाराकडे येते.

आपल्या परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे. तैत्तिरीय संहितेत सांगितलेली तीन ऋणे, देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे, ही कल्पना पुढे स्मृतींनी आणि लोकाचाराने इतकी आत्मसात केली की विवाहाच्या आणि श्राद्धाच्या संकल्पापाठीमागे आजही तीच उभी आहे. यांपैकी ऋषींचे ऋण फेडावयाचे ते अध्ययनाने. या मांडणीत एक विलक्षण गोष्ट आहे, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. शिकणारा मनुष्य येथे काही घेत नाही, तो देणे देत असतो. पूर्वसूरींनी जे ज्ञान निर्माण केले ते पुढच्या पिढीने ग्रहण केले नाही तर त्यांचे श्रम व्यर्थ जातात. म्हणून विद्यार्थी जेव्हा वेद, गणित वा वैद्यक शिकतो, तेव्हा तो ज्ञानाच्या परंपरेवर उपकार करीत असतो, निदान तिचे देणे फेडीत असतो. ज्याने देणे फेडावयास यावे त्याच्याकडूनच दारात प्रवेशाचे मोल मागावे, हा व्यवहार त्या मूळ कल्पनेच्या अगदी उलट आहे. मनुस्मृतीने वेतन ठरवून अध्यापन करणे हे उपपातकांत गणले, आणि कालिदासाने आपल्या पहिल्या नाटकात केवळ उपजीविकेसाठी विद्या बाळगणाऱ्याला ज्ञानाचा वाणी ठरविले, ते याच जाणिवेतून. आजच्या प्राध्यापकाने उपाशी राहून शिकवावे असा याचा अर्थ नव्हे. शिक्षकाच्या निर्वाहाचा भार विद्यार्थ्याच्या ऐपतीवर टाकू नये, एवढाच आहे.

कालिदासाचे नाव निघालेच आहे, तर रघुवंशाच्या पाचव्या सर्गातला कौत्स येथे आठवला पाहिजे, कारण न परवडणाऱ्या शुल्काची एवढी विस्तृत कथा आपल्या वाङ्मयात दुसरी नाही. वरतंतू ऋषींनी शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानली होती. कौत्साने पुनःपुन्हा आग्रह केला तेव्हा त्यांचा संयम सुटला आणि चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी आण, असे त्यांनी बजावले. कौत्स निघाला तो थेट रघूच्या दारी. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन मोकळा झालेला तो राजा मृत्तिकेच्या पात्रातून अर्घ्य घेऊन पुढे आला, तेव्हा कौत्साने परिस्थिती ओळखली आणि अन्यत्र जाण्याची अनुज्ञा मागितली. परंतु विद्येकरिता आलेला याचक आपल्या दारातून विन्मुख गेला हा लोकापवाद रघूला सहन होईना, म्हणून त्याने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले, आणि रात्रीत कोशागार सुवर्णाने भरले. राजा सगळे देऊ लागला आणि कौत्स चौदा कोटींच्या वर एक नाणे घेईना. या कथेत अवाजवी शुल्क हे क्रोधाच्या क्षणी मागितलेले आहे, ती रीत नव्हे; आणि ते देण्याची जबाबदारी ज्याच्यावर येऊन पडते तो राजा आहे. कौत्साचा बाप कोठेही दिसत नाही. त्याने आपली गोधने विकली, की आश्रमाजवळची भूमी गहाण टाकली, हे कवीला सांगावेसे वाटले नाही, कारण त्या प्रश्नाशी बापाचा संबंध पोहोचतो असे त्याच्या कल्पनेतही आले नसावे. रिठदपासून जवळ असलेले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह याच नगरीत लाविला आहे. राजाश्रयाने विद्या कशी पोसली जाते हे ज्या भूमीने पाहिले, त्या भूमीतल्या शेतकऱ्याने आज रघूचीही जागा घ्यावी आणि कोशागारही स्वतःच रिकामे करावे, ही अपेक्षा कोणत्या शास्त्राला धरून आहे?

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत अधिक महत्त्व देतो त्याकडे वळतो. त्याग मोठा आहे हे मान्य करून विचारावे लागते की, त्याग कोणाच्या वाट्याचा? महाभारताच्या सभापर्वात द्रौपदी जो प्रश्न विचारते आणि ज्याने भीष्मांसारखा पुरुष कुंठित झाला, तो प्रश्न अधिकाराचा होता: जो स्वतःला हरला आहे त्याला दुसऱ्याला पणाला लावता येते काय? त्या सभेत ज्या एकाने उठून स्पष्ट उत्तर दिले तो कौरवांतला विकर्ण, आणि त्याच्या युक्तिवादातला एक भाग असा होता की, द्रौपदी पाचही भावांची आहे, एकट्याला तिला पणाला लावण्याचा हक्क नाही. मुलाच्या शिक्षणाकरिता झटणाऱ्या बापाला मी द्यूत खेळणाऱ्या राजाच्या पंक्तीला बसवीत नाही. त्याचा हेतू निर्मळ आहे आणि तो स्वतःच्या सुखाकरिता काहीच मागत नाही. तथापि हेतू निर्मळ असला म्हणून अधिकाराचा प्रश्न नाहीसा होत नाही.

वडिलार्जित जमिनीबाबत आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न सूक्ष्मपणे सोडविला आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिच्या मते वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो; आणि बृहस्पतीच्या वचनाच्या आधारे कुटुंबातल्या एकट्याला स्थावर गहाण टाकण्याची वा विकण्याची मुभा तीनच प्रसंगी आहे: आपत्काली, कुटुंबाच्या भरणपोषणाकरिता आणि धर्मकार्याकरिता. प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात या सूत्राला कायद्याचे रूप देताना आणखी एक अट घातली, जी मला फार मोलाची वाटते: कर्ज देणाऱ्याने त्या गरजेची प्रामाणिकपणे चौकशी केली पाहिजे. म्हणजे धनकोवरही विवेकाचे बंधन होते. आज जो गावातला धनको चार टक्के महिन्याने पैसा मोजतो आणि गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेतो, त्याने त्या महाविद्यालयात शिक्षक आहेत की नाहीत, शिकून निघालेल्या मुलांना काम मिळते की नाही, याची चौकशी केल्याचे कधी ऐकिवात आले आहे काय? त्याला चौकशी करावयाची असते ती जमिनीच्या प्रतीची, आणि तिला रस्ता लागून आहे की नाही याची.

जन्मसिद्ध हकदारांत आज मुलगीही आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती करून तिला पुत्राइतकाच वाटा दिला. तरीही धाकट्या मुलाच्या अभियांत्रिकीकरिता जेव्हा गट विकला जातो तेव्हा थोरल्या मुलीला, जिचे शिक्षण बारावीवर वा गावाजवळच्या कला शाखेवर थांबविलेले असते, कोणी विचारीत नाही. तिची सही दस्तऐवजावर लागली तर तेवढ्यापुरती घेतली जाते. तिचा वाटा एकदा शिक्षण नाकारून गेला आणि दुसऱ्यांदा जमीन विकून गेला. मुलाची आई हीही अशीच न विचारलेली हकदार आहे. याज्ञवल्क्याने पतीला स्त्रीधन घेण्याची आणि ते परत न करण्याची मोकळीक चार प्रसंगी दिली: दुर्भिक्ष, धर्मकार्य, व्याधी आणि धनकोने केलेली अडवणूक. महाविद्यालयाचे शुल्क या चारांत बसत नाही. माता स्वतः होऊन पोत उतरवून देईल तर तिला अडविणारा मी कोण? परंतु मागण्याची पद्धतच अशी असते की नकाराला जागा उरत नाही, आणि मग त्या वस्तूला दान म्हणणे हा सत्याचा अपलाप ठरतो.

या ठिकाणी तुकोबांचे चरित्र मार्गदर्शक आहे. घराण्यात सावकारी होती आणि दुष्काळाने मन पालटल्यावर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु परंपरेने जपलेला पुढचा तपशील फारसा सांगितला जात नाही. कान्होबा या धाकट्या भावाने आपल्या वाट्याचा प्रश्न काढला, तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, निम्मी कान्होबांच्या स्वाधीन केली आणि आपली निम्मीच डोहात टाकली. एवढा विरक्त पुरुष, पण भावाच्या वाट्यावर त्याने आपली विरक्ती लादली नाही. अपत्याच्या विद्येकरिता सर्वस्व देऊ निघालेल्या प्रत्येक पित्याने हा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. स्वतःची हौस, स्वतःची विश्रांती, स्वतःच्या वाट्याचे पीक, हे सर्व देण्याचा त्याला अधिकार आहे आणि त्यात पुण्यही आहे. ज्यांना विचारले नाही त्यांचे अन्न देण्याचा नाही.

आणि ज्याच्याकरिता हे सर्व चालले आहे तो मुलगा? आपल्या कायद्याच्या इतिहासात एक वाद असा झाला की त्याचा विसर पडू नये. कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्या मनुष्याची कमाई कोणाची, त्याची एकट्याची की साऱ्या एकत्र कुटुंबाची? धर्मशास्त्राच्या रूढ अर्थान्वये विशेष विद्या जर कुटुंबाच्या खर्चाने संपादन केलेली असेल तर तिचे फळ विभाज्य ठरे, आणि १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने सनदी सेवेतल्या एका अधिकाऱ्याच्या बाबतीत हाच निर्णय दिला. तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी पुढाकार घेतला आणि १९३० साली हिंदूंच्या विद्याधनाचा अधिनियम संमत झाला. शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, विद्येपासूनची कमाई शिकणाऱ्याची स्वतंत्र मिळकत होय, असे ठरले. पुढे २००५ च्या दुरुस्तीने पित्याचे कर्ज फेडण्याचे पुत्राचे धार्मिक बंधनही, त्यानंतरच्या कर्जांपुरते, न्यायालयाने मानू नये असे सांगितले. कायद्याने अशा रीतीने मुलाला दोन्ही बाजूंनी मोकळे केले. मनाने तो मोकळा झाला नाही. पुण्याच्या खोलीत चौघांत एक होऊन राहणारा तो मुलगा प्रत्येक सत्राच्या परीक्षेला बसताना गावचा विकलेला गट डोळ्यांपुढे घेऊन बसतो; एखादा विषय राहिला तर तो गणितात नापास झालेला नसतो, तो आपल्या दृष्टीने आईबापांचा अपराधी झालेला असतो. शिकण्याला जी निर्भयता लागते, चुकण्याची आणि पुन्हा आरंभ करण्याची जी मोकळीक लागते, ती अशा ओझ्याखाली राहत नाही. ऋषिऋण फेडावयास गेलेल्याच्या गळ्यात आपण गहाणखत अडकविले, आणि मग त्याने विद्येवर प्रेम करावे अशी अपेक्षा धरली.

कोणी म्हणेल की, हे सर्व ज्याचे पोट भरलेले आहे त्याचे तत्त्वज्ञान झाले. कर्ज न काढावे तर गरिबाच्या मुलाने कोरडवाहू वावरात पिढ्यानपिढ्या राबावे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे मला शोभणार नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या वडिलांविषयी जे सांगून ठेवले आहे त्याने कोणाचाही गळा दाटून येईल: मुलाने पुस्तक मागितले की रामजी सुभेदार विवाहित मुलीकडे जात, तिच्याजवळ पैसे नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन येत, मग निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत करीत. तेही कर्जच होते. परंतु त्याची मुदत महिन्याची होती, ते फेडण्याचा मार्ग ते काढण्याच्या दिवशीच ठाऊक होता, ज्याची वस्तू होती तिच्या हाती ती परत जात होती. आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाचा प्रश्न आला, तेव्हा तो सुभेदारांच्या ऐपतीवर सोडविला गेला नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि बदल्यात दहा वर्षांच्या नोकरीचा करार घेतला. पुस्तकापर्यंत बाप, परदेशापर्यंत राजा. कुटुंबाच्या कर्तव्याची आणि समाजाच्या कर्तव्याची सीमा कोठे असावी हे या एका आयुष्यात इतके स्पष्ट दिसते की त्याहून अधिक दाखला शोधण्याची मला गरज वाटत नाही.

म्हणून माझा निर्णय असा आहे की, कर्ज काढणे हा अधर्म नाही. जे फेडण्याचा मार्ग दिसतो आणि जे बुडाले तरी घराचे अन्न शाबूत राहते, असे विद्येकरिता काढलेले कर्ज धर्म्य आहे. ज्या कर्जाने जमीन जाते, मुलीचा वाटा जातो, किंवा बापाचा जीव धोक्यात येतो, ते मुलाच्या प्रेमापोटी काढलेले असले तरी धर्म्य नाही. या प्रांताने कर्जापायी इतके जीव गमावले आहेत की शेवटची गोष्ट मी केवळ शास्त्रार्थ म्हणून लिहिलेली नाही. अशा वेळी महाविद्यालय बदलावे, अभियांत्रिकीऐवजी तंत्रनिकेतन वा विज्ञानाची साधी पदवी घ्यावी, एक वर्ष थांबावे; यांत मुलाचा अपमान नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे, आणि २०२४ साली वाशीमलाच शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रतिष्ठेच्या नावाकरिता दूरच्या महागड्या संस्थेचा हट्ट धरणे, ही लग्नाच्या कर्जाचीच नवी आवृत्ती आहे, आणि गाडगेबाबा आज असते तर त्यांनी कीर्तनात ती सोडली नसती.

राज्याने काहीच केले नाही असेही म्हणता येत नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मे शिक्षणशुल्क मिळते, आणि २०२४-२५ पासून अशाच उत्पन्नमर्यादेतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागावयाचे नाही, असा दंडक आहे. परंतु शासनाची प्रतिपूर्ती उशिरा येते म्हणून पूर्ण रक्कम आधी भरून घेणाऱ्या संस्था आहेत, तारण न मागण्याचा दंडक असून सातबारा मागणारे कारकून आहेत, आणि मुदत मात्र कोणाकरिताही थांबत नाही. रघूने कौत्साला दोन-तीन दिवस अग्निगृहात थांबावयास सांगितले होते आणि तेवढ्या मुदतीत शब्द पाळला होता. आमच्या सरकारदरबारी मदत मंजूर होते, पण ती पोहोचण्यापूर्वीच वावराचा सौदा झालेला असतो.

उरतो तो समाज. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या परक्या मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून अंगावरचे सोने मोडले, मंगळसूत्रही मागे ठेवले नाही. विद्येकरिता स्त्रीधन खर्ची पडल्याचा तो आपल्याकडचा सर्वांत उज्ज्वल प्रसंग, कारण ती मुले तिची नव्हती. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी, ज्यांनी ऑक्सफर्डला वैदिक धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला होता आणि म्हणून ज्यांना ऋषिऋण म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते, १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि त्याच वर्षी प्रांताच्या कायदेमंडळात देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. देवाच्या नावे साठलेला पैसा लोकांच्या विद्येकडे वळवावा, ही त्यांची दृष्टी मला आजही तितकीच शास्त्रशुद्ध वाटते. देवऋण आणि ऋषिऋण ही दोन्ही एकाच वाक्यात सांगितलेली आहेत, आणि एकाच्या खात्यात शिल्लक असताना दुसरे थकीत राहू देणे धार्मिक म्हणविणाऱ्या समाजाला शोभत नाही.

रिठदच्या आणि शेजारच्या गावांतल्या ज्या मुलांनी अशाच गहाणखतावर शिक्षण घेतले आणि आज जी पुण्यामुंबईत पगार घेत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या गावी एक निधी उभारावा, प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यापुरती रक्कम बिनव्याजी द्यावी, आणि शासनाची प्रतिपूर्ती आली की ती परत घेऊन पुढच्या मुलामुलीला द्यावी. सप्ताहाची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींनी त्याच पावतीपुस्तकात या निधीकरिता पाने राखावीत. आणि ज्या पित्यावर येत्या हंगामात ही वेळ येईल त्याने खरेदीखतावर सही करण्यापूर्वी पत्नीला आणि मुलीला समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकावे, मग तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जाऊन समोरचा मनुष्य परवानाधारक सावकार आहे की नाही याची विचारणा करावी. २०१४ च्या सावकारी अधिनियमाने बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळविण्याचा हक्क त्याला दिलेला आहे, आणि तशी जमीन गेली असेल तर व्यवहाराच्या तारखेपासून पंधरा वर्षांपर्यंत त्याला दाद मागता येते.